दत्त्या, तुझे थर उभे राहिले

दत्त्या, वळलं.

ऐकतोयस का? तुझं पॉलिमर वळलं. परवा दुपारी, फिजिक्सच्या मागच्या खोलीत, खिडकीला स्नेहसंमेलनाचं जुनं बॅनर टांगून अंधार केलेला, फॅन बंद, अंगातून घामाच्या धारा, आणि मायक्रोस्कोपखाली तुझ्या शेवटच्या बाटलीतला कण. विजेचं फील्ड लावलं आणि ते जागचं हललं, वळलं आणि वळून तसंच राहिलं. तू गेल्यापासून माझं जेवणावरून मन उडालं होतं. परवा घरी जाऊन चार भाकरी खाल्ल्या. तुझी शमीमभाभी माझ्या ताटाकडं बघतच राहिली. म्हणाली, "झालं काय?" म्हणालो, "दत्ता जिंकला." मग दोन घास खाऊन म्हणालो, "म्हणजे पूर्ण नाही जिंकला." मग मला रडू कोसळलं आणि तरी भाकरी सुटेना.

हे तुझ्या दशक्रियेला बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा ते झालेलंच नव्हतं. आणि तिथं बोलू तरी कोण देतो. प्रवरासंगमच्या घाटावर मांडव, महाराजांचं प्रवचन, आणि ते संपलं की आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माईक पुढाऱ्यांच्या हातात. आपल्या नगर जिल्ह्यात माणूस गेल्यावर त्याच्या वाट्याला जेवढी भाषणं येतात तेवढी त्याच्या जन्मात आलेली नसतात. एकानं तुला शिक्षणमहर्षी केलं. दुसरा म्हणाला, "सरांनी प्लास्टिकपासून वीज तयार करून दाखवली." सगळ्या मांडवानं मान डोलावली. मी चुळबुळ करत बसलेलो. तेवढ्यात सूत्रसंचालकानं माझं नाव घेतलं, "सरांचे जिवलग मित्र, प्राध्यापक इक्बालसर." मी उठलो, माईक घेतला आणि म्हणालो, "प्लास्टिकपासून वीज होत नसते." आणि खाली बसलो.

बस, एवढंच बोललो. तुझे चुलते अजून माझ्याशी बोलत नाहीत. तू असतास तर मांडवाचा बांबू धरून हसला असतास. पण खरं सांगतो, दुसरं काही तोंडातून येईना. तुझ्याबद्दल खोटं सांगत होते आणि तू उठून त्यांना झापत नव्हतास, हे मला सहनच होईना.

तर आता नीट सांगतो, म्हणजे तुझ्या मागे तुझ्या कामाचा तरी चोथा व्हायला नको. पहिल्यांदा मला ते कळलं तेव्हा आपण दोघं स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. तू सोनईचा, रसायनशास्त्राचा. मी नगरच्या झेंडीगेटचा, भौतिकशास्त्राचा. एकाच वर्षी या आडगावच्या कॉलेजात लागलेले. मला रानात उभी असलेली बाजरी आणि ज्वारी वेगळी ओळखता येत नाही यावर तू तोपर्यंत पोटभर हसून घेतलं होतंस. त्या दिवशी तू उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यासमोर आपटलास आणि म्हणालास, "इक्बाल्या, ह्यो बघ माझा रेणू."

मी म्हणालो, "ह्यातले निम्मे नापास आहेत."

"आरं ऐक तर. लांब साखळी हाय. तिला कडक दांडे लोंबत्यात. दरेक दांड्याच्या बुडाशी विजेचा भार, आन् त्या भाराला सोबत म्हणून एक सुटा आयन. दांडे रांगेत बसले की थर पडतो. थरावर थर, थरावर थर, ह्या पेपरांवाणी. आता ह्यात मुंगी सोड. दोन कागदांच्या मधून तिला पळता येतंय. पण खालून वर जायचं म्हणलं तर कागद फोडावा लागंल. व्हय का न्हाई?"

"हो."

मग तू तो गठ्ठा उचलून टेबलावर एका कडेवर उभा केलास. "आता?"

आता मुंगी सरळ खालून वर जाणार. सुटा आयन म्हणजे तुझी मुंगी. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये तुझं पॉलिमर ठेवलं की त्याचे थर हट्टानं आडवे पडतात आणि खालच्या काचेकडून वरच्या काचेकडं जायची वाटच बंद होते. ते थर उभे केले तर आयन बेधडक पळतील. मग बॅटरीत ते सांडणारं, पेट घेणारं पातळ द्रावण भरायला नको, तुझा एक पापुद्रा पुरे. "पर रेणूंचा गठ्ठा हातानं उभा करता येत न्हाई," तू म्हणालास. "त्याला फील्ड लावाया पायजे. आन् फील्ड तुझ्याकडं हाय."

असं तू मला ओढलंस. मी तेव्हाच सांगितलं होतं, वळणार नाही. साधी गोष्ट आहे, लेका. बाहेरून विजेचा दाब दिला की तुझे सुटे आयन पळत जाऊन काचेला चिकटणार, फील्ड अडवून धरणार, आणि आतल्या दांड्यांपर्यंत काही पोचणारच नाही. दिसेल ती नुसती आयनांची पळापळ. तू म्हणायचास, दांड्याच्या अंगातच वळायचा गुण आहे, त्याला फील्ड कळतं, तो वळणार. झालं. त्या दिवशी जे भांडण लागलं ते सुटलंच नाही. राहुरीला विद्यापीठात परीक्षक म्हणून गेलो तरी तेच, हुरडा खाताना तेच, माझ्या पुतणीच्या निकाहात बिर्याणीच्या पंगतीला तेच. माझा मेहुणा मला बाजूला घेऊन विचारत होता, "तुमच्या दोघांत जमिनीचा काही वाद आहे का?"

आणि तुझं ते बनवणं. मी बाहेरून बघायचो, पण बघताना मला मजा यायची हे तुला कधी सांगितलं नाही. फ्लास्कमधली हवा नायट्रोजननं हाकलायची, तेलाच्या कढत भांड्यात फ्लास्क बुडवायचा, आणि मग तू शेजारी स्टूल टाकून बसायचास. कालव्याला आवर्तन सुटलं की भावाला फोन, "आज तूच पाणी धर, माझी रिॲक्शन चालू हाय." 'रिॲक्शन' ऐकून तुझ्या भावाला वाटायचं तुला कसला तरी त्वचेचा आजार आहे. एकदा लाईट गेली, ढवळणारं यंत्र थांबलं, आणि फ्लास्कमध्ये सगळ्याचा खरवस झाला. चमचा उभा राहील असा. मी म्हणालो, "वेलची टाक." तू मला खोलीबाहेर काढलंस.

सगळ्यात भारी धुणं. साखळी तयार झाली की तिच्याबरोबरचा ब्रोमाइडचा आयन काढून दुसरा मोठा, आळशी आयन बसवायचा. जुना गेला की नाही हे बघायला धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाण्यात ढग आला की अजून धुवायचं. ढग आला, धुवा. ढग आला, धुवा. आपल्या मुलखात सगळे जण ढग येण्याची वाट बघतात, आणि तू एकटा माणूस असा की ढग आला नाही म्हणून व्हरांड्यात नाचायचा. तुझं ते पांढरंशुभ्र पॉलिमर, कापसाच्या बोंडातून ओढल्यासारखं, बाटलीत भरताना तुझा चेहरा बघण्यासारखा असायचा. कृती तर आपण छापली, सगळ्यांना खुली आहे. बाहेरच्या दोघांनी करून बघितली, त्यांच्याकडं चिकट काकवी झाली. धुण्याचा एवढा कंटाळा न करणारा माणूस त्यांच्याकडं नव्हता.

आता आपल्या मूर्खपणाकडं येतो. हे मला परवाच कळलं, आणि कळलं तेव्हा मी एकट्यानं कपाळावर हात मारला.

तुझं म्हणणं होतं, पॉलिमर तापवून पूर्ण पातळ करायचं, मग थंड करत यायचं, आणि थर जेव्हा नुकते धरायला लागतात तेव्हाच फील्ड लावायचं. त्या घडीला तू वाफसा म्हणायचास. मला वाफसा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तू मला रानात नेऊन चिखल दाखवलास. "ही वल हाय. ह्यात कुळवाची पाळी घातली तर ढेकळं व्हतात. वाळून टणक झाली तर औत आत शिरत न्हाई. मधी एक येळ येती, माती हातात घेतली की मोकळी पडती. तो वाफसा. तवा जे करशील ते रान मानतं." मी म्हणालो, "माझं मीटर वाफसा दाखवत नाही." तू म्हणालास, "तुझं मीटर नगरचं हाय."

वाटणी अशी होती: तापमानाचं बटण तुझं, व्होल्टेजचं माझं. तांब्याचा तो तापणारा ठोकळा मी बनवलेला, पण त्याला हात तू लावणार. आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायची जागा एकच. तू बघत बसायचास, बटण हळूहळू खाली आणायचास, आणि म्हणायचास, "आला वाफसा, लाव."

मी म्हणायचो, "बघू दे."

"आरं लाव की."

"आधी बघू दे. न बघता मी लावणार नाही."

तू चडफडत उठायचास, मी बसायचो, चष्मा काढायचो, फोकस माझ्या डोळ्याला जुळवायचो. मग म्हणायचो, "कुठं आहे वाफसा? हे तर सगळं धरलंय." मग तू मला हटवून बघायचास. "तवा व्हता. आता गेला." आणि मग आपण रागारागात त्या धरलेल्या, घट्ट झालेल्या पॉलिमरला फील्ड लावायचो आणि ते ढिम्म. मी म्हणायचो, बघ, वळत नाही. तू म्हणायचास, तू वेळेवर लावलंच न्हाई. कॅमेरा बसवायचं कित्येकदा ठरलं. ते ठरण्यातच राहिलं. वर्षानुवर्षं, दत्त्या. दोन शिकलेली माणसं, एकमेकांच्या डोळ्यांवर विश्वास नाही, आणि त्यातच दरवेळी घडी निघून जायची. आणि ही गोष्ट दोघांपैकी एकालाही सुचू नये.

मग तू गेलास. सकाळी कांद्याला पाणी धरायला गेलास, बांधावर बसलास आणि उठलाच नाहीस. आपलं शेवटचं भांडण फॅनवरून झालं होतं. फॅननं ठोकळ्याचं तापमान हलतं म्हणून तू तो बंद करायचास, आणि मी चालू करायचो. आता तो बंदच असतो.

तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तुझी खोली लावायला घेतली तेव्हा काचेच्या भांड्यात, ओल शोषणाऱ्या खड्यांवर, ती बाटली बसलेली. उन्हाळ्यात केलेली, कोरडी, पांढरी. बुडाशी पाव चमचाही नाही. तीन वेळा काचेवर घेता येईल एवढंच. मला कळलं, हे संपलं की प्रश्नच संपला. वळतं की नाही हे कुणाला कधी कळणार नाही. तू बरोबर की मी बरोबर हे बाजूला राहू दे, आपण एवढी वर्षं जे केलं त्याला काही अर्थ होता की नाही, हेसुद्धा त्या बाटलीत होतं.

पहिला कण मी वाया घालवला. माझ्याच सवयीनं केलं. सगळं धरू दिलं, शांतपणे बघितलं, मग फील्ड लावलं. काळं ते काळंच राहिलं. थर आडवे असले की आपल्या त्या मायक्रोस्कोपमध्ये सगळं काळं दिसतं, ते काळं आपण इतकी वर्षं बघितलंय की मला झोपेत ओळखता येईल. मला राग आला. व्होल्टेज वाढवलं, आणखी वाढवलं, आणि काचेत तपकिरी डाग उमटला. करपलं. तुझ्या हातचं पॉलिमर मी करपवलं.

परवा दुसरा कण घेतला. आणि खुर्चीवर बसल्यावर लक्षात आलं की आता तापमानाच्या बटणापाशी कुणी नाही. मग डावा हात तुझ्या बटणावर ठेवला, उजवा माझ्या बटणावर, आणि डोळा लावला. पूर्ण पातळ केलं. सावकाश उतरवत आलो. डोळा काढला नाही, पाणी यायला लागलं तरी काढला नाही. पातळ असतानाही सगळं काळंच दिसतं, आणि त्या काळ्यात, दत्त्या, जिऱ्याचे दाणे टाकावेत तसे चार-दोन चमकते कण उगवले. लांबट, तिरपे. हे मी यापूर्वी बघितलंच नव्हतं. तू म्हणायचास तेव्हा मी उठून येईपर्यंत ते निघून गेलेले असायचे. मला वाटायचं तू बाता मारतोस. आणि मी मोठ्यानं म्हणालो, "आला." कुणाला सांगितलं कोण जाणे. उजव्या हातानं बटण फिरवलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ते दाणे पसरायला लागले. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, पंखे उघडावेत तसे, निळे, पिवळे, करडे, आणि काळं मागं सरकायला लागलं. कोपऱ्याकोपऱ्यातून सरकलं. शेवटी काळं उरलंच नाही. सगळं मैदान उजळून निघालं. मीटरवर बघतो तर आयन असे पळतायत की काटा एका जागी थांबायला तयार नाही, वर आणि वरच चाललेला. थर उभे राहिले होते. तू टेबलावर उभा केलेला तो गठ्ठा, जसाच्या तसा. मग थंड केलं, फील्ड काढलं, आणि तरी ते तसंच राहिलं. पॉलिमर आहे ना, गारठलं की वळलेलं विसरत नाही.

मी खोलीत येरझारा घातल्या. दार उघडून व्हरांड्यात गेलो, परत आलो, परत बघितलं. आनंदानं छाती फुटेल की काय असं झालं. आणि त्या आनंदातच मला दुसरी गोष्ट कळली, आणि ती मी तुला तोंडावर सांगतो, कारण तुला खोटं आवडत नाही. आपण दोघं होतो म्हणून ते होत नव्हतं. दोन्ही बटणं एका माणसाच्या हातात आली म्हणून झालं. तू गेलास म्हणून झालं. मला हे अजिबात मान्य नाही. हा रिझल्ट मी असा घ्यायला तयार नाही, आणि तो तर समोर चमकतोय. काय करू मी, सांग.

हात सवयीनं फोनवर गेला आणि तुझा नंबर लागला. पलीकडून सुनंदावहिनी म्हणाल्या, "बोला इक्बालभाऊ." म्हणालो, "चुकून लागला, वहिनी."

त्या म्हणाल्या, "चुकून न्हाई लागला. काय झालंय?"

"वळलं."

वहिनी मग म्हणाल्या, "उद्या येते मी. काढून टाकू नका."

काल एसटीनं आल्या. एकट्याच. पदरानं घाम पुसत त्या खोलीत शिरल्या, बॅनर, तारा, ठोकळा सगळं न्याहाळलं, आणि स्टुलावर बसल्या. मी फोकस लावून दिला. बराच वेळ बघत राहिल्या.

"कोबी चिरल्यावाणी दिसतंय," म्हणाल्या.

मी म्हणालो, "हो. तसंच दिसतं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच, वहिनी."

त्यांनी परत डोळा लावला. या वेळी आणखी वेळ. मग तशाच, डोळा न काढता म्हणाल्या, "पर ह्यांना तर वाटत नव्हतं वळंल म्हणून."

मी म्हणालो, "कुणाला?"

"ह्यांना. घरी म्हणायचे, इक्बाल म्हणतो तेच खरं असंल, ते काय वळायचं न्हाई. मी म्हणायचे, मंग त्याच्या तोंडावर म्हणा ना एकदाचं. तर म्हणायचे, म्हणलं तर तो उद्याच यंत्र गुंडाळून ठिवंल. त्याला भांडायला मिळतंय तवर तो बसतो."

अरे लबाडा. म्हणजे तुलाही वाटत नव्हतं. मला तर पहिल्यापासून वाटत नव्हतं, मी ते उघड म्हणतच होतो. म्हणजे त्या खोलीत, फॅन बंद करून, घामात, इतक्या वर्षांत एकाही माणसाला वाटत नव्हतं की हे वळेल. आणि तरी तू धूत राहिलास आणि मी फील्ड लावत राहिलो. मग आपण काय करत होतो, दत्त्या? मला हसू यायला लागलं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या, आणि मग त्याही हसायला लागल्या. तू गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग बराच वेळ काढला नाही.

त्या शांत झाल्यावर मी बाटली पुढं केली. बुडाशी एका खेपेपुरतं उरलंय. म्हणालो, "वहिनी, हे त्याच्या हातचं शेवटचं. तुम्ही घरी न्या. आठवण म्हणून राहील."

"ह्याचं काय करू मी, लोणचं घालू?" त्या म्हणाल्या. "ह्यातून आजून काय कळायचं राहिलंय का?"

कळायचं राहिलंय. तेच तर तुला सांगायला बसलोय. वळलं हे खरं, पण का वळलं? तू म्हणत होतास दांड्याच्या अंगात गुण आहे. मला परवापासून वाटतंय, तसं नाही, माझे आयनच पळून पळून थर उभे करतात. माणसं रोज चालली की रानातून पायवाट पडते, तशी. ज्या पळापळीला मी इतकी वर्षं नावं ठेवली तिनंच काम केलं असेल. म्हणजे वळलं म्हणून तू जिंकलास, आणि माझ्या आयनांनी वळवलं म्हणून मी. याचा निकाल एका खेपेत लागतो. फील्डची दिशा इतक्या झपाट्यानं उलटसुलट करायची की आयनांना धड पळताच येणार नाही. तरी थर उभे राहिले तर तुझं खरं. आडवे पडून राहिले, सगळं काळं राहिलं, तर माझं.

वहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं ते माहीत नाही. बाटली माझ्या हातात परत देऊन त्या म्हणाल्या, "मंग लावा की. ठिवून कुणाचं भलं झालंय." आणि पाचच्या गाडीनं गेल्या.

तर उद्या लावतोय. दोन्ही बटणं माझ्याकडंच आहेत. आणि ऐक, उद्या मी तुझ्या बाजूनं भांडणार आहे. दांड्याच्या अंगात गुण आहे, ते वळणार, आयन पळाले काय आणि थांबले काय, ते वळणार, असं मी शेवटपर्यंत म्हणणार. माझ्या बाजूनं बोलायला खोलीत कुणी नसेल, आणि काळं राहिलं तरी मी मागं हटणार नाही.